पखवाज गाऊ लागतो तेव्हा

गावोगावच्या भजनी मंडळांवर एक वेळ कधी ना कधी येतेच. ज्यांनी मंडळ उभं केलं, ज्यांच्या आवाजासाठी लोक लांबून येत, ते बुवा एके दिवशी मंडळ सोडतात. कुणाची बदली होते, कुणाला घरची जबाबदारी अडकवते, कुणाला आपली वेगळी वाट धरावीशी वाटते. पुढची एकादशी काही कुणासाठी थांबत नाही. टाळ वाजू लागतात, पेटी सूर धरते आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग वर्षानुवर्षं मागं बसून पखवाज वाजवणारा कुणीतरी अभंगाची चाल उचलतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज वेगळा आहे खरा, पण भजन आपल्याच मंडळाचं आहे.

हे कसं घडतं? मंडळाची ओळख गाणाऱ्याच्या गळ्यात असते, चालींत असते, की एकत्र वाजवायच्या सवयीत? आणि बुवांच्या जागी बसलेला पखवाजवाला गायला लागला, तर पखवाज कोण वाजवणार?

हेच प्रश्न इंग्लंडमधल्या ‘जेनेसिस’ या रॉक बँडपुढं १९७५ साली उभे राहिले. त्यांचा संस्थापक-गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला. बँड आता संपला, असं अनेकांनी गृहीत धरलं. पण १९७६ च्या सुरुवातीला ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ हा अल्बम आला आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. गॅब्रिएल असतानाचा शेवटचा अल्बम दहाव्या क्रमांकापर्यंतच गेला होता. ही किमया नशिबानं झाली नाही. तिच्यामागची कारणं एकेक करून उलगडता येतात.

शाळेत जमलेली मंडळी

जेनेसिसचा जन्म १९६७ मध्ये सरे परगण्यातल्या चार्टरहाउस या निवासी शाळेत झाला. गायक पीटर गॅब्रिएल, कीबोर्डवर टोनी बँक्स, गिटारवर अँथनी फिलिप्स आणि माइक रदरफर्ड ही त्यातली मुख्य मुलं. या वयाची मुलं बँड काढतात ती बहुधा दुसऱ्यांची गाणी वाजवायला. ही मुलं मात्र आपली गाणी रचत होती.

पहिला धक्का १९७० मध्येच बसला. अँथनी फिलिप्सला रंगमंचावर जायची भीती वाटू लागली, तब्येतही साथ देईना, आणि तो बाहेर पडला. बँड तेव्हाच मोडायच्या बेतात होता. पण उरलेल्यांनी नवा ड्रमवादक शोधला, तो फिल कॉलिन्स. पुढं गिटारवर स्टीव्ह हॅकेट आला. गॅब्रिएल, बँक्स, रदरफर्ड, कॉलिन्स आणि हॅकेट या पाच जणांनी १९७१ ते १९७४ या काळात चार अल्बम केले. म्हणजे १९७५ मध्ये गॅब्रिएल गेला, तेव्हा संस्थापक जाण्याची या घराला एकदा सवय झालेली होती.

चेहरा कसा तयार झाला

गॅब्रिएल गेल्यावर लोक एवढे हादरले, कारण लोकांच्या लेखी गॅब्रिएल म्हणजेच जेनेसिस होता. हे समीकरण कसं बनलं, याची कथा गिटारच्या तारांपासून सुरू होते.

या बँडमध्ये बारा तारांची गिटार खूप वाजायची. साध्या गिटारला सहा तारा असतात. इथं तारांच्या सहा जोड्या असतात. चार जोड्यांमध्ये एक तार दुसरीपेक्षा एका सप्तकानं वर लावलेली असते आणि उरलेल्या दोन जोड्यांतल्या तारा एकाच सुरात. त्यामुळे एकच गिटार वाजत असली तरी तंबोऱ्यासारखी भरून येते. पण तारा दुप्पट म्हणजे लावायचा खटाटोपही दुप्पट. दोन-तीन गिटारी सुरात लागेपर्यंत प्रेक्षकांपुढं नुसती शांतता. ती भरून काढायला गॅब्रिएल मध्येच गोष्टी सांगू लागला. गोष्टींतून पात्रं आली, पात्रांमागून मुखवटे आणि पोशाख आले. १९७२ मध्ये तो बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून रंगमंचावर आला. वर्तमानपत्रांना छायाचित्र मिळालं आणि बँडला चेहरा.

घराचा दर्शनी भाग रस्त्यावरून दिसतो, पाया दिसत नाही. येणारा-जाणारा दर्शनी भागालाच घर म्हणतो. जेनेसिसचा पाया म्हणजे स्वरांची मांडणी, चालींची रचना आणि तालाची गुंतागुंत. ते काम पाचही जण करत होते. पण अल्बमवर गाण्यांचं श्रेय सगळ्या बँडच्या नावानं एकत्र छापलं जायचं. त्यामुळे कोणतं गाणं कुणाचं हे बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता, आणि जो दिसतो तोच रचतो, असा समज पक्का होत गेला.

जाण्याआधीच झालेली तालीम

नोव्हेंबर १९७४ मध्ये ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. एका तरुणाची स्वप्नवत कथा त्यात सलग सांगितली आहे. गॅब्रिएलनं हट्ट धरला होता, की कथा माझी आहे, तेव्हा शब्दही मीच लिहिणार. म्हणून तो एका बाजूला शब्द लिहीत राहिला आणि बाकीचे चौघे दुसऱ्या बाजूला संगीत रचत राहिले. त्याच वर्षी त्याची पहिली मुलगी जन्मली आणि जन्मानंतर तिची प्रकृती फार नाजूक होती. बाप म्हणून त्याची ओढाताण सहकाऱ्यांना पुरती कळली नाही. मनं दुरावत गेली.

नंतरच्या दौऱ्याच्या सुरुवातीलाच त्यानं सोडून जायचा निर्णय सांगून टाकला. तरीही मे १९७५ पर्यंत सुमारे शंभर कार्यक्रम त्यानं निभावले आणि ऑगस्टमध्ये बातमी जाहीर झाली.

या दुराव्यातून नकळत एक गोष्ट घडून गेली. गॅब्रिएलशिवाय संगीत कसं रचायचं, याची तालीम उरलेल्या चौघांची आधीच होऊन गेली होती. १९७५ च्या उन्हाळ्यात ते लंडनच्या अ‍ॅक्टन भागातल्या तालमीच्या खोलीत जमले. हॅकेट स्वतःचा अल्बम संपवून थोडा उशिरा आला, पण त्याआधीच बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स यांच्या हातून नव्या चाली भराभर उतरू लागल्या होत्या.

आधी मखर, मग मूर्ती

चाली तयार, वादक तयार, पण गाणार कोण? त्यांनी ‘मेलडी मेकर’ या संगीत-साप्ताहिकात बँडचं नाव न देता जाहिरात दिली. ढिगानं ध्वनिफिती आल्या. आठवड्यांमागून आठवडे ते गायकांची परीक्षा घेत होते. मनासारखा कुणी सापडेना. कॉलिन्सनं तर नुसतं वाद्यसंगीत करू या, असंही सुचवून पाहिलं.

शेवटी गायक ठरण्याआधीच, ऑक्टोबर १९७५ मध्ये, लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. हे कसं शक्य होतं, हे समजायला ध्वनिमुद्रणाची पद्धत पाहावी लागेल.

एका रुंद चुंबकीय फितीवर शेजारी शेजारी अनेक पट्टे असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकवर वेगळं वाद्य नोंदवता येतं. रॉक संगीतात सहसा ड्रम आणि बास आधी होतात, मग कीबोर्ड आणि गिटार, आणि सगळ्यांत शेवटी गळा. गणपतीचं मखर आधी उभं राहतं, दिव्यांच्या माळा लागतात आणि मूर्ती नंतर येऊन बसते, तसंच हे. जेनेसिसचं मखर पूर्ण झालं होतं. मूर्ती कोणती बसवायची, एवढंच ठरायचं होतं.

पट्टीचा पेच

मखर आधी बांधण्यात एक धोका असतो. मूर्ती मोठी निघाली तर आत मावत नाही. संगीतात हा धोका पट्टीचा.

आपल्याकडं गायक बसला की पेटीवाल्याचा पहिला प्रश्न असतो, “पट्टी कुठली?” पुरुष साधारण काळी एक-दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या. गळ्याला जिथं मोकळेपणी वर-खाली जाता येतं, ती त्या गायकाची पट्टी. समोर माणसं वाजवत असतील, तर पट्टी क्षणात बदलते. फितीवर उतरलेलं संगीत मात्र तिथंच राहतं.

फीत फिरवण्याचा वेग वाढवून सूर चढवता येत नाहीत का? येतात, पण लयही सोबत पळते. काळी एकवरून पांढरी दोनवर, म्हणजे फक्त शेजारच्या सुरावर जायचं तरी वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. पाच मिनिटांचं गाणं मग पावणेपाच मिनिटांतच संपतं आणि वाद्यांचा पोतही पातळ होतो. त्या काळच्या स्टुडिओत संपूर्ण वाद्यमेळाची लय तशीच ठेवून पट्टी तेवढी बदलण्याची सोय नव्हती.

एक गायक स्टुडिओपर्यंत आला आणि नेमका इथंच अडकला. त्याला ‘स्क्वाँक’ हे दणदणीत गाणं गायला दिलं, पण मुद्रित झालेली पट्टी त्याच्या गळ्याची नव्हती. गायक वाईट होता असं नाही, मखर त्याच्या मापाचं नव्हतं.

तेव्हा ड्रमवादक कॉलिन्स म्हणाला, मी करून पाहतो. हळुवार गाणी तो गाऊ शकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९७१ आणि १९७३ च्या अल्बमांत त्यानं एकेक छोटं गाणं गायलंही होतं. शंका होती ती जोरकस गाण्याची. त्यानं ‘स्क्वाँक’ गायलं आणि शोध तिथंच संपला.

नवा आवाज ओळखीचा का वाटला

दोन माणसांनी एकच ‘सा’ लावला, तरी कुणाचा कोणता हे आपण डोळे मिटून सांगतो. कारण गळ्यातून एकच सूर कधी निघत नाही. मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूरही निघतात, त्यांना उपस्वर म्हणू. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्या त्यांतले काही उपस्वर फुलवतात, काही दाबतात. आमटी सगळ्यांकडं तुरीच्याच डाळीची, पण गोडा मसाला, चिंच आणि गूळ यांचं प्रमाण घरोघरी निराळं. उपस्वरांचं असं प्रमाण म्हणजे आवाजाचा पोत.

गॅब्रिएलचा पोत खरखरीत आणि नाट्यमय, तर तेव्हाच्या कॉलिन्सचा स्वच्छ आणि मऊ. तरी दोघांत पुरेसं साम्य होतं, आणि खरी गोम त्याही पुढची आहे. १९७१ पासून गॅब्रिएलच्या गाण्यामागं साथीचा आवाज कॉलिन्सचाच असायचा. कधी वरच्या सुरात, कधी तीच ओळ बरोबरीनं. दोन जुळते आवाज एकच ओळ एकाच वेळी गातात, तेव्हा कानाला दोन माणसं वेगळी कळत नाहीत. एकच, जरा भरदार आवाज ऐकू येतो. म्हणजे श्रोते ज्याला गॅब्रिएलचा आवाज म्हणून मनात साठवत होते, त्यात कॉलिन्सचाही वाटा होता. १९७६ मध्ये लोकांनी नवा गायक ऐकला असं वरवर दिसतं. खरं तर पाच वर्षं कानात असलेला अर्धा आवाज त्यांना पहिल्यांदा सुटा ऐकू आला.

विरजण

घरातलं कालचं दही संपतं. पण चमचाभर विरजण उरलेलं असलं, की आजच्या दुधाचं दही त्याच चवीचं लागतं. ते पहिलं दही कुणी लावलं होतं, हे विचारायची गरज पडत नाही. ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ ऐकताना मला जागोजागी हे विरजण सापडतं.

‘एंटँगल्ड’ या गाण्यात बारा तारांच्या गिटारी एकमेकींत गुंफलेल्या आहेत. ही गुंफण घडवली होती रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स यांनी. फिलिप्सला बँड सोडून पाच वर्षं झाली होती, पण त्याची पद्धत हॅकेटच्या बोटांतून वाजत होती. त्याच गाण्याच्या शेवटी गायकवृंद गात असल्यासारखा आवाज उसळतो, तो मेलोट्रॉन या वाद्याचा. या वाद्यात कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या आवाजाची ध्वनिफीत असते. पट्टी दाबली की ती फिरते आणि जेमतेम आठ सेकंदांत संपते. त्यामुळे वादकाला स्वर ठरावीक वेळात सोडून पुढं जावंच लागतं. टोनी बँक्सची ही खूण गॅब्रिएलच्या काळातल्या अल्बमांतही होती, इथंही आहे.

तालाचंही तसंच. अल्बमचं पहिलं गाणं, ‘डान्स ऑन अ व्होल्कॅनो’, मुख्यतः सात मात्रांत आहे. रॉक संगीत बहुतेक चार मात्रांत चालतं, पण सात मात्रांचा झोल आपल्या कानाला रूपक तालामुळे परका नाही. विभागणी रूपकासारखी तीन-दोन-दोन नसली, तरी समेवर अनपेक्षितपणे लवकर येऊन पडण्याची गंमत तीच. आणि गॅब्रिएलनं १९७७ मध्ये स्वतःचं जे पहिलं गाजलेलं गाणं काढलं, ‘सॉल्सबरी हिल’, त्याचा विषय बँड सोडण्याचा, आणि त्याचाही ताल बहुतांशी सातच मात्रांचा. भांडी वेगळी झाली, पण विरजण दोन्ही घरी एकच गेलं.

अल्बमचा शेवट ‘लॉस एन्डोस’ या वाद्यरचनेनं होतो. आधीच्या गाण्यांतले सूर तिच्यात परत येतात. अगदी शेवटी, आवाज विरत असताना, कॉलिन्स १९७२ च्या एका जुन्या, गॅब्रिएलनं गाजवलेल्या गाण्याची ओळ हलकेच गातो. निरोपाला आलेल्या माणसानं गाडी हलल्यावरही हात हलवत राहावं, तसं ते ऐकू येतं.

काय हरवलं, काय बदललं

संस्थापक गेला आणि काहीच बिघडलं नाही, असं म्हणणं गॅब्रिएलवर अन्याय करणारं ठरेल. मुखवटे गेले, चक्रावून टाकणाऱ्या गोष्टी गेल्या, शब्दांतली धार आणि विक्षिप्तपणा गेला. नव्या अल्बममध्ये परीकथेचा मऊपणा जास्त आहे.

कामाचा हिशेबही बदलला. या अल्बमवर पहिल्यांदा प्रत्येक गाण्याखाली रचनाकारांची नावं वेगवेगळी छापली गेली. सगळं गॅब्रिएल रचत होता, या समजाला ते उत्तर होतं. पण एकत्र कुटुंबात प्रत्येकाच्या ताटातलं मोजायला सुरुवात झाली, की कुणाला तरी आपला वाटा कमी दिसतोच. आपल्या रचनांना पुरेशी जागा मिळत नाही, असं हॅकेटला वाटू लागलं आणि १९७७ मध्ये तोही बाहेर पडला.

आणि पखवाज? गायकानं पुढं उभं राहायचं तर ड्रम कोण सांभाळणार? मार्च १९७६ मध्ये कॅनडातल्या लंडन नावाच्या शहरातून दौरा सुरू झाला, तेव्हा ड्रमवर नामवंत वादक बिल ब्रुफर्ड होता. गाणं थांबून लांबलचक वाद्यभाग सुरू झाला, की कॉलिन्सही आपल्या ड्रमकडं धावायचा आणि दोघं मिळून वाजवायचे. दोन ड्रमवादकांची ही जुगलबंदी पुढं या बँडची ओळख बनली.

हा उपाय सगळ्यांना लागू पडतो का

नाही. ‘पिंक फ्लॉइड’मधून १९६८ मध्ये संस्थापक आणि मुख्य गीतकार सिड बॅरेट मानसिक अस्वास्थ्यामुळे दूर झाला. तिथं बाहेरून डेव्हिड गिल्मर आला आणि बँडनं हळूहळू आपली भाषाच नवी घडवली. त्यांना खरी उंची गाठायला पाच वर्षं लागली.

अमेरिकेतल्या ‘द डोअर्स’चा जिम मॉरिसन जुलै १९७१ मध्ये वारला. उरलेल्या तिघांतल्या दोघांनी गायन अंगावर घेतलं आणि आणखी दोन अल्बम काढले. त्यांचं सर्वाधिक गाजलेलं गाणं मुळात गिटारवादक रॉबी क्रिगरनं रचलेलं होतं, म्हणजे रचणारे हात शिल्लक होते. तरी श्रोते वळले नाहीत, आणि १९७३ पर्यंत बँड विसर्जित झाला. तिथं दुधात मिसळलेलं विरजण श्रोत्यांना चालत नव्हतं, त्यांना तोच माणूस हवा होता. तो परत येण्यासारखाही नव्हता.

जेनेसिसमध्ये तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. रचणारे हात जाग्यावर होते, नवा आवाज कानांच्या ओळखीचा होता, आणि जाणाऱ्यानं दार आपटलं नव्हतं.

थोडक्यात

- बँडचा चेहरा आणि पाया वेगळे असतात. चेहरा गेला, म्हणून पाया खचतोच असं नाही.
- वाद्यं आधी आणि गळा शेवटी मुद्रित होत असल्यानं गायकाशिवाय अल्बम सुरू करता येतो. मात्र पट्टी आधीच ठरून जाते.
- आवाजाचा पोत उपस्वरांच्या प्रमाणातून घडतो. साथीला गाणाऱ्याचा पोत श्रोत्यांच्या कानात आधीच मुरलेला असतो.
- सोडून गेलेल्याच्या पद्धती उरलेल्यांच्या हातांत राहतात.
- बाहेरचा माणूस आणायचा की आतल्याला पुढं करायचं, याचं एकच उत्तर नाही.

शेवटची मैफल

जुलै १९८६ मध्ये अमेरिकेच्या विक्रीयादीत जेनेसिसचं एक गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. त्याला तिथून हटवलं ते गॅब्रिएलच्या गाण्यानं. त्याआधी १९८२ मध्ये गॅब्रिएलनं भरवलेल्या जागतिक संगीत महोत्सवाला मोठा तोटा झाला, तेव्हा जुने सोबती त्याच्यासाठी एका कार्यक्रमापुरते पुन्हा एकत्र उभे राहिले होते.

२६ मार्च २०२२ रोजी, या वेळी इंग्लंडमधल्या लंडनमध्ये, जेनेसिसनं आपला अखेरचा कार्यक्रम केला. आजारपणामुळे कॉलिन्सच्या हातांना आता ड्रम झेपत नव्हते. तो खुर्चीत बसून गात होता आणि मागं ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. शेवटचं गाणं निवडलं होतं ते गॅब्रिएल बँडमध्ये असतानाच्या अखेरच्या अल्बममधलं. मूळ ध्वनिमुद्रणात गॅब्रिएल पुढं गात होता आणि कॉलिन्स साथीला. त्या रात्री गाणं कॉलिन्सच्या गळ्यात होतं, आणि पीटर गॅब्रिएल श्रोत्यांमध्ये बसून ते ऐकत होता.